दूरचा पडदा आणि चित्रसंकेत



चेन्नईचे सेंट्रल स्थानक १८७३ मध्ये सुरू झाले. कोणती गाडी कोणत्या फलाटावर उभी राहणार हे प्रवाशांना कळविण्याच्या तेथील पद्धती काळाप्रमाणे बदलत गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे ध्वनिक्षेपकावरील घोषणा प्रयोगादाखल थांबविण्यात आल्या आणि प्रवाशांनी पडद्यांवरील माहितीवर विसंबावे अशी योजना झाली. जेथे आवाज नाही तेथे पडदा अंधारला, तर वृद्ध वा परगावच्या माणसाची गाडी चुकू शकते. त्यामुळे दूरच्या पडद्यावरील दोष कसा शोधावा, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

प्रथम अंतराचा विचार करू. चेन्नईतच, पेरांबूर येथील कारखान्यात, १९५५ पासून रेल्वेचे डबे बांधले जात आहेत. असा डबा सुमारे २२ मीटर लांब असतो. चोवीस डब्यांच्या गाडीला अर्ध्या किलोमीटरहून लांब फलाट लागतो. याउलट संगणक व पडदा यांना जोडणारी साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरांपलीकडे भरवशाची राहत नाही. दोन्ही टोकांना विस्तारक यंत्रे बसवून पीळ दिलेल्या तारांच्या केबलवरून चित्र सुमारे १०० मीटर नेता येते. त्याहून दूर जावयाचे तर प्रकाशतंतूचा आश्रय घ्यावा लागतो.

या प्रवासात चित्र बिघडते तेव्हा बिघाडाचे रूपच बहुधा त्याचे कारण सांगते. मद्रासचे दूरदर्शन केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले, त्या काळातील चित्रसंकेत ७५ ओहम संरोधाच्या कोअॅक्सियल केबलमधून वाहत असे. केबलच्या अखेरीस तेवढ्याच संरोधाचा भार नसेल, तर संकेताचा काही भाग भिंतीवर आदळलेल्या चेंडूप्रमाणे मागे फिरतो. वाटेत सदोष जोड असल्यास तो पुन्हा उलटतो आणि मूळ चित्राच्या उजवीकडे एक फिकट छाया उमटते. संकेत केबलमधून एका मायक्रोसेकंदात सुमारे २०० मीटर धावतो, आणि त्या पद्धतीत पडद्यावरील एक ओळ ५२ मायक्रोसेकंदांत रेखाटली जाते. म्हणून ५२ सेंटिमीटर रुंदीच्या चित्रात छाया एक सेंटिमीटर सरकलेली दिसली, तर ती उत्पन्न करणाऱ्या दोन जागांमध्ये सुमारे १०० मीटरांचे अंतर आहे असे समजावे. साध्या मोजपट्टीने दोषाचा माग लागतो तो असा.

चित्रावर आडवे, संथपणे सरकणारे रुंद पट्टे दिसले तर संशय भूसंपर्काकडे वळवावा. दोन इमारतींचे अर्थिंग निराळे असते. त्यांच्या दाबात फरक असल्यास केबलच्या आवरणातून विजेचा प्रवाह वाहू लागतो आणि त्याची ५० हर्ट्‌झची लय चित्रात मिसळते. यावर उपाय म्हणून उपकरणाचे अर्थिंग तोडणे हे प्राणावर बेतणारे आहे. संकेतमार्गात विलगक बसविणे किंवा प्रकाशतंतू वापरणे हाच योग्य मार्ग होय. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. त्यामुळे ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत कडाडणाऱ्या विजांपासूनही तो मार्ग सुरक्षित राहतो. समुद्रकाठच्या शहरात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे खारी, दमट हवा. उघड्यावरील जोडांत ती शिरते आणि धातू गंजविते. चित्र येते-जाते, केबल हलविली की सुधारते, असे असेल तर जोड उघडून पाहावेत.

आजचा अंकीय संकेत मात्र वेगळ्या रीतीने वागतो. तो क्षीण होत असताना चित्र बराच वेळ निर्दोष दिसते. मग पडद्यावर चमकते ठिपके येतात आणि थोड्याशा घसरणीने सारे काळे होते. शिवाय पडदा आपली क्षमता संगणकाला कळवीत असतो. लांब केबलमध्ये हा निरोप हरवला, तर संगणक पडद्याला न पेलणारे चित्र पाठवितो किंवा काहीच पाठवीत नाही. म्हणून चित्र नाही म्हणजे पडदा बिघडला, हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

शोधाचा क्रम सोपा आहे. तोच पडदा संगणकाजवळ आणून दोन मीटरांच्या केबलने जोडावा. चित्र नीट आले, तर पडदा व संगणक दोन्ही दोषमुक्त होतात आणि दोष मार्गात उरतो. मग चित्राची सूक्ष्मता कमी करून पाहावी. कमी सूक्ष्मतेचे चित्र दूरवर उमटले, तर केबलची क्षमता अपुरी पडते आहे असे ठरते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. एकदम तीन वस्तू बदलून चित्र आले, तरी दोष कोठे होता हे अज्ञातच राहते. आणि तो पुन्हा उद्भवेल तेव्हा फलाटावरील प्रवासी पूर्वीइतकाच असहाय असेल.