बंदूक : हक्काची की मेहेरबानीची?



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांस रस्त्यात गाठून विचारले, "ज्या गावात दिवाळीतली टिकल्यांची पिस्तुलेसुद्धा आया दडवून ठेवतात, तेथे हा विषय कशाला?" प्रश्न रास्त होता. पण आमच्या कोकणातल्या आजोळी एक ठासणीची बंदूक आहे. परवाना शेतीच्या रक्षणाचा, कारण रानडुकरे उभे पीक रातोरात लोळवतात. निवडणूक आली की मामा ती ठाण्यावर जमा करतात, पावती खिशात घालतात आणि ती परत मिळेपर्यंत डबे वाजवून डुकरे हाकलतात. मागल्या खेपेस परवान्याचे नूतनीकरण कचेरीत वर्षभर अडले. कारण कोणी सांगेना. "बघू" एवढेच उत्तर. तेव्हा मामांनी आम्हांला विचारले, "अरे, ही बंदूक माझ्या हक्काची की सरकारच्या मेहेरबानीची?" त्या वेळी आम्ही गप्प बसलो. आजचे हे व्याख्यान म्हणजे मामांना उशिरा दिलेले उत्तर समजा.

हा प्रश्न साऱ्या जगात सर्वांत मोठ्या आवाजात विचारला तो अमेरिकनांनी. त्यांच्या घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. एकच वाक्य, पण त्याच्या पूर्वार्धात नागरी सेनेची गरज आणि उत्तरार्धात शस्त्र बाळगण्याचा जनतेचा हक्क. यातले कोणते अर्ध खरे, यावर वकिलांच्या पिढ्या पोसल्या. अखेर २००८ साली हेलर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की हा हक्क व्यक्तीचा आहे. घटनेने तो निर्माण केला नाही, आधीच असलेला मान्य केला. म्हणजे भाषा निसर्गसिद्ध हक्काची झाली. मात्र गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना मनाई, शाळेत बंदूक नेण्यास बंदी, असले जुने निर्बंध या निकालाने उठत नाहीत, असेही त्याच निकालात आहे.

आम्हांला मात्र २००८ पेक्षा १८७६ चा निकाल अधिक बोलका वाटतो. लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या दिवशी, निवडणुकीच्या तंट्यातून कचेरीच्या रक्षणास जमलेल्या काळ्या नागरिकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. साठांहून अधिक माणसे मेली. त्यांतल्या कित्येकांना शरण आल्यावर मारले. मोजक्या आरोपींना शिक्षा झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. आरोपांपैकी एक, काळ्यांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क हिरावल्याचा. त्यावर न्यायालय म्हणाले, हा हक्क आपल्या अस्तित्वासाठी घटनेवर मुळीच अवलंबून नाही. दुसरी दुरुस्ती फक्त मध्यवर्ती कायदेमंडळाचे हात बांधते. खाजगी माणसांनी तो तुडवला तर आपापल्या राज्याकडे दाद मागावी. आणि राज्य कोणाचे होणार होते, ते सांगायला नको. हक्काला घटनेहून थोर म्हणायचे आणि थोर म्हणूनच त्याचा रखवालदार काढून घ्यायचा, असा हा प्रकार!

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या मते निसर्गाने दिलेला हक्क आहे तो जीव वाचवण्याचा. इंग्रजांनाही तो नाकारता आला नाही. १८६० च्या दंडसंहितेत ९६ ते १०६ ही कलमे स्वसंरक्षणाला दिलेली होती, आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो हक्क कायम आहे. पण त्याच सरकारने लिटनच्या अमदानीत, १८७८ साली, हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवाना हवा, आणि सुरुवातीच्या नियमांनी युरोपियनाला तो माफ! जीव वाचवण्याची मुभा आहे, साधन मात्र विचारून घ्या. काँग्रेसने याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. अहिंसेच्या उपासकाने, गांधीजींनी, १९१८ साली खेड्याच्या सैन्यभरतीत वाटलेल्या पत्रकात या कायद्याला इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य ठरवले. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला होता.

मग राज्य आपले झाल्यावर हा हक्क गेला कोठे? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी कराचीची आठवण देऊन नेमकी तीच दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांचे उत्तर मुळातून वाचण्यासारखे आहे. प्रत्येकाला आडकाठीशिवाय शस्त्र विकत घेता आले तर राज्यकारभार चालवणे आपल्याला कल्पनेतही शक्य वाटत नाही, असे ते म्हणाले. आणि आग्रह धरायचाच तर व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, संकटकाळी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती फेटाळली गेली.

हा कराचीचा विश्वासघात झाला, असे म्हणणारे आहेत. आम्हांला तसे वाटत नाही. १८७८ च्या कायद्याची खरी बोच बंदूक गेल्याची नव्हती. साहेबाला विचारावे लागत नाही आणि आपल्याला लागते, ही होती. आणि घरातली बंदूक नेहमी घरच्यांचाच जीव राखते असेही नाही. अमेरिकेत २०२२ साली बंदुकीने ४८ हजारांवर माणसे मेली, त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या.

तेव्हा मामांना उत्तर असे. बंदूक बाळगणे हा आपल्याकडे निसर्गाचा हक्क नव्हे, घटनेचाही नव्हे. पण म्हणून ती मेहेरबानीही नव्हे! १९५९ च्या शस्त्र कायद्याचे चौदावे कलम पाहा. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. वरच्या अधिकाऱ्याकडे अपील आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच बंदुका ठेवल्या. तीही मर्यादा सर्वांना, बागायतदाराला तशी कुळाला. "बघू" हे कारण या कायद्यात कोठेही सापडत नाही.

मामांच्या परवान्याची पाच वर्षांची मुदत यंदा संपते आहे. कलम चौदाची नक्कल आम्ही परवाच टपालाने त्यांना पाठवली.