कोयत्यामागची मुले



आपल्या नगर जिल्ह्याचे, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरचे, दोन चेहरे आहेत. उत्तरेला प्रवरेचे पाटपाणी, ऊस आणि १९५० च्या अखेरीस गाळप सुरू केलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. दक्षिणेला पाथर्डी-जामखेडकडची कोरडवाहू माळराने. उत्तरेत ऊस उभा राहतो; तो तोडायला दक्षिणेची माणसे निघतात.

दसरा-दिवाळी सरली की बिऱ्हाडे गाडीत चढतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब. या हिशेबात मूल नाही. फडात मात्र ते आहेच. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, वाढे गोळा करते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परतते, तेव्हा परीक्षा दाराशी आलेली असते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांना कामे दिली गेली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम! आईला गावाजवळ काम मिळाले, तर मूल शाळेत जाते आणि संध्याकाळी आपल्याच घरी जेवते. २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असल्यास त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याचीही तरतूद होती.

मग बिऱ्हाडे हलतात का? हमीची मजुरी मिळते काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर. मुकादमाची उचल मिळते कामाआधी, रोख. दुकानाची उधारी, घरचे दुखणे, बहिणीचे लग्न, यांना थांबा म्हणता येत नाही. एकदा उचल घेतली, की ती फिटेपर्यंत मूल कुठे राहील हे आईबापांच्या हाती उरत नाही.

म्हणून मदत किती, एवढेच पाहून भागत नाही. ती केव्हा, हेही पाहावे लागते. शाळेतले शिजवलेले जेवण हा मोठाच आधार. पण ताट गावात आणि मूल फडात, असे झाले तर उपयोग काय? यासाठीच हंगामी वसतिगृहाची सोय निघाली. आईबाप तोडीला गेले तरी मूल आजीजवळ राहते, दोन्ही वेळचे जेवते, शाळा चुकवत नाही. मात्र हे वसतिगृह बिऱ्हाड हलण्यापूर्वी उघडले पाहिजे. गाडी शिवेबाहेर गेल्यावर पेटवलेली चूल कुणासाठी?

तेव्हा दसऱ्यापूर्वीच गावाने एक यादी करावी. कुणाचे आईबाप जाणार आणि कुणाचे मूल मागे राहू शकते, एवढीच. कोयते सारेच मोजतात. आपण मुले मोजू या.