व्यसनमुक्ताचा सोबती

परभणी जिल्ह्यांतील पाथरी, जिंतूर वा गंगाखेड तालुक्यांतला दारूच्या आहारीं गेलेला मनुष्य उपचार घेऊन घरीं परततो, तेव्हां त्याची खरी कसोटी सुरू होते. औषधानें शरीर सांवरतें. परंतु सायंकाळीं पाय जुन्या वाटेस लागले, तर त्यांना अडविणार कोण? घरच्यांचा उपदेश नकोसा होतो. जो स्वतः त्या गर्तेंतून वर आला, त्याचा शब्द मात्र मनांत शिरतो.

१९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं बिल विल्सन ह्या गृहस्थास मद्याची अनिवार ओढ लागली. मद्यगृहांत न शिरतां त्यानें दुसऱ्या मद्यासक्ताचा शोध घेतला. डॉक्टर बॉब स्मिथ भेटले; त्या संभाषणांतून पुढें दोघेही सुटले आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ जन्मास आली.

पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट ह्या दांपत्यानें ‘मुक्तांगण’ स्थापिलें. तेथें बरे झालेले अनेकजण पुढें कार्यकर्ते झाले. दुसऱ्यास हात देतांना देणाऱ्याचाही तोल सांभाळला जातो, हें ह्या पद्धतीचें मर्म होय.

तथापि सोबती म्हणजे वैद्य नव्हे. दारू एकाएकीं सोडतांना झटके वा भ्रम होऊं शकतो. तेव्हां, तसेंच आत्मघाताचे विचार दिसतांच, रुग्णालय गांठणें अवश्य आहे. मराठवाड्यांत २०१५ सालच्या शासकीय ‘प्रेरणा प्रकल्पा’नें खचलेलीं मनें ओळखण्याचें काम गांवच्याच आशा कार्यकर्तींकडे सोंपविलें. त्यांच्या जोडीला गांवांतच एखादा व्यसनमुक्त सोबती लाभला, तर घरीं परतलेल्यास ती जुनी वाट एकट्यानें टाळावी लागणार नाहीं.