सात सेकंदांची मजुरी

१९६९ साली द विन्स्टन्स या सोल बँडनं ‘आमेन, ब्रदर’ रेकॉर्ड केलं. मधे सगळी वाद्यं गप्प. एकटा ग्रेगरी कोलमन ड्रम बडवतो. जेमतेम ७ सेकंद. पुढं पोरांनी सॅम्पलर मशीनवर तेवढाच तुकडा उचलला, कापला, उलटापालटा केला. हजारो गाणी त्याच्यावर उभी राहिली. लंडनचं जंगल संगीत तर त्याच ठेक्यावर पळलं. कोलमनला छदाम नाही. २००६ साली तो बेघर मेला.

मी गोदी कामगार. आमच्याकडं माल मोजतात, पाठ कोण मोजत नाही. जुन्यातून नवं घडवणाऱ्यांशी माझं भांडण नाय. घडवा, बेधडक घडवा. पण त्यावर ज्यांनी गल्ले भरले त्यांची कॉलर धरून विचारा : ज्याचे हात वाजले, त्याचा वाटा कुठाय?