झाकलेला ताप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, आणि पुढे सारा जन्म घर आणि पिठाची गिरण यांतच गेला. चिटणीसबाईंनी "कोरोनाच्या दिवसांवर चार शब्द बोला" म्हटले तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. मग वाटले, एक गोष्ट आहे, ती एका घरी जाऊन सांगितली, बाकी कोणापुढे बोलले नाही. ती आज बोलावी.

आधी थोडे जुने सांगते. आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, या पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेली प्लेगची हकीकत त्या नेहमी सांगतात. घरात उंदीर पडू लागले की माणसे दाराला कुलूप घालून माळावर जात आणि खोपटी बांधून राहात. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, १८९७ साली पुण्यात त्याने कहर केला, आणि आपल्या करवीर राज्यातही तो येऊन पुढे कैक वर्षे रेंगाळला. लोकांनी वस्ती सोडून बाहेर राहावे असा शाहू महाराजांचा आग्रह असे. उंदराच्या अंगावरच्या पिसवा उंदीर मेला की माणसाला चावतात आणि रोग देतात, म्हणून घर सोडणे हाच इलाज होता. कोरोनाचे सगळे उलटे. तो माणसाच्या श्वासातून, खोकण्या-बोलण्यातून जाणार, म्हणून घराबाहेर पडू नका. आत्ती म्हणायच्या, "तवा म्हनायचं घर सोडा, आता म्हनत्यात घर सोडू नका. ह्यांचं एक कायबी ठरत न्हाई." त्यांना हा फरक पटवायला मला दोन दिवस लागले, आणि मलाही तो आधी गल्लीतल्या गुरुजींकडून समजून घ्यावा लागला.

गुरुजींनीच आणखी एक सांगितले. पुण्यात १८९७ साली गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधीत, देवघर म्हणू नये की माजघर. माणसे इतकी धास्तावली की आपले आजारी माणूस लपवू लागली. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. आणि त्या १८९७ सालीच केलेला साथीचा कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात पुन्हा लावण्यात आला. मी हे ऐकून घेतले आणि विसरले. माणूस लपविणारे ते लोक मला त्यावेळी अडाणी वाटले होते.

२२ मार्च २०२० चा रविवार सर्वांना आठवत असेल. संध्याकाळी पाच वाजता आपण साऱ्याजणी ताटे-पळ्या घेऊन दारात उभ्या होतो. दोन दिवसांनी, २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून, सारा देश बंद झाला. एकवीस दिवस म्हणता म्हणता मे संपला. अंबाबाईचे दार बंद, जोतिबाची चैत्र यात्रा नाही. अंबाबाईचे दर्शन पुन्हा सुरू झाले ते १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला.

गिरणीला परवानगी होती, म्हणून माणसे आमच्याकडे येत आणि दळणाबरोबर बातम्या आणीत. नियम सारखे बदलत. आज दुकाने एका बाजूची, उद्या दुसऱ्या बाजूची. कागदावर शब्द असे की जीभ अडखळावी. अलगीकरण म्हणजे काय आणि विलगीकरण म्हणजे काय, हे गल्लीत एकाला येत असेल तर शपथ! अलगीकरण म्हणजे रोग झालाय की नाही हे ठाऊक नसलेल्या, पण रोग्याजवळ येऊन गेलेल्या माणसाने वेगळे राहायचे. आणि विलगीकरण म्हणजे रोग झाल्याचे कळलेल्याने वेगळे राहायचे. इतके सोपे आहे. पण हे सांगायला कोणी आले नाही, आणि दोन्ही शब्दांचा अर्थ आम्ही 'धरून नेतात' असाच घेतला.

जुलैत गल्लीच्या टोकाच्या एका घराला बांबू आणि पत्रा लागला. ती माणसे बरी होऊन आली तरी महिनाभर त्यांच्या दारातले दूध कोणी घेईना. मी पण घेतले नाही, हे कबूल करते.

सप्टेंबर उजाडला. शहरात रोज कुठे ना कुठे कोणी गेल्याचे कानावर येई. १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणून घरोघर तपासणी सुरू झाली. आमच्या दारातही एक बाई आल्या. हातात ताप पाहण्याचे यंत्र, बोटाला लावायचे दुसरे यंत्र. उन्हाने बिचाऱ्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी विचारले, "घरात कोणाला ताप, खोकला?" मी म्हटले, "नाही बाई, सगळी बरी आहेत. सासूबाई पाहुण्यांकडे गेल्यात." आणि आत्ती आतल्या खोलीत दोन दिवस तापाने पडल्या होत्या.

मी असे का बोलले? गिरण बंद पडली तर खायचे काय, हे एक. दुसरे म्हणजे तो पत्रा. रोगापेक्षा मला पत्र्याचे भय अधिक होते.

समोरच्या काकू रोज मागच्या दाराने आत्तींजवळ येऊन बसत. त्यांनी विचारले तेव्हा मी सांगितले, "पित्त झालंय." त्या लिंबाचे सरबत करून घेऊन आल्या.

तिसऱ्या दिवशी आत्तींचे ओठ निळसर दिसू लागले. आश्चर्य असे की त्यांना धाप नव्हती, बोलत होत्या. मालकांनी कुठून तरी ते बोटाचे यंत्र आणले तर आकडा ८४. ९४ च्या खाली आला की दवाखाना गाठायचा, हे मला तेव्हा कळले. त्या दिवशी खाट मिळायला सात तास लागले. चौदा दिवस प्राणवायूवर राहून आत्ती घरी आल्या.

काकू मात्र आठवड्याने पडल्या आणि परत आल्या नाहीत. पंचगंगेवर त्यांचा मुलगा एकटा लांब उभा राहिला. होळीला आपण ज्या शेणी स्मशानाला देतो, त्यावरच त्या गेल्या असतील. त्यांनीही दर वर्षी दिल्या होत्या. त्यांना कोणापासून झाले हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरही म्हणाले, सांगता येत नाही. पण मी पित्त म्हटले होते.

हे मी त्यांच्या सूनबाईंना मागल्या वर्षी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दळण आजही आमच्याकडेच आणतात, पण पूर्वीसारख्या उभ्या राहून बोलत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये मालकांना ताप आला. त्या दिवशी गिरणीच्या दरफलकावरचे दर पुसून मी खडूने लिहिले : "आमच्या घरी ताप आहे. तपासणी केली आहे. दळण बंद. मागील दाराने येऊ नये." मालक रागावले, "धंदा बुडवतेस काय?" पण संध्याकाळी पायरीवर तीन डबे होते. एकात झुणका, एकात भात, एकात नुसता कांदा चिरून! तो कांदा कोणाचा ते अजून कळले नाही. काही गिऱ्हाईक तेव्हा गेले ते गेलेच, हेही खरे. चौथ्या गल्लीतली दोन घरे आजही दुसऱ्या गिरणीत जातात.

मालक बरे झाल्यावर मी तो फलक तसाच ठेवला. जूनमध्ये राज्यात पाच स्तर ठरले आणि कोल्हापूर चौथ्यात गेले, तेव्हा कोणते दुकान किती वाजेपर्यंत हे त्यावर लिहू लागले. लसीच्या दोन टोचण्यांतले अंतर मेमध्ये बारा ते सोळा आठवडे केले, तेव्हा 'लस संपली म्हणून फसवतात' अशी आवई उठली. लसीचा तुटवडा होता हे खरेच. पण अंतर जास्त ठेवले तर ती अधिक चांगली लागू पडते, असेही कारण होते. दोन्ही लिहिले. गुरुजी शुद्धलेखनाच्या चुका काढीत, पण वाचीत सगळे.

२ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले होते. त्या दिवशी मी फलकावर पुन्हा दर लिहिले.

जाता जाता एक काम सांगते. मंडळाने वर्गणीतून घेतलेले ते बोटाचे यंत्र आपल्या कपाटात आहे. गेल्या महिन्यात मी उघडून पाहिले तर आतला एक सेल पाझरला होता. यंत्र वापरात नसताना सेल काढून ठेवावेत. किल्ली चिटणीसबाईंकडे आहे. येत्या मंगळवारी दुपारी मी नवे सेल घेऊन येणार आहे. यंत्र कसे लावायचे, आकडा कोणता वाचायचा हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी यावे. बोटाला नखपॉलिश लावून येऊ नये, आकडा चुकीचा दाखविते.