अंगणवाडीची वही आणि ताट

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी बँकेतला कारकून. संध्याकाळी रोकड आणि वही जुळल्याशिवाय आम्हांला घरी जाता येत नाही. त्याच सवयीने एका अंगणवाडीत हजेरीपट पाहिला. पटावर 34 मुले हजर, समोर 19. सेविका मान खाली घालून म्हणाली, "दादा, बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत. आकडा कमी दाखवला की वरून विचारणा होते." दोष एकट्या त्या बाईंचा नव्हता. पण कागदावर जेवलेल्या मुलाचा शोध कोण घेणार?

एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 साली सुरू झाली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतला आहार हा बालकाचा हक्क ठरला. सहा वर्षांखालील किमान 40 मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली दिला. हक्क कागदावर आला. तो ताटात पडतो का, हे पाहणे आपले काम आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, महिन्यातून एकदा अंगणवाडीत जा. मुले मोजा. वजनकाटा चालतो का, वजने तक्त्यावर मांडली आहेत का, पिण्याचे पाणी आहे का, आपली मुले सर्वांच्या पंगतीत बसतात का, ते पाहा. सेविकेशी अदबीने बोला. तीही तुटपुंज्या मानधनावर राबते. उणीव दिसल्यास बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. ऊसतोडीला गेलेल्या मुलांची नावे त्या अर्जात आधी लिहा.

जयभीम!