विळ्याच्या आकाराची पेशी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी, सेलू... वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात जा, 'सिकलसेल' हा शब्द लोकांना ठाऊक असतो. कुणी नुसते 'सिकलिंग' म्हणतात. शब्द ओळखीचा झाला, पण आजाराबद्दलचे गैरसमज काही गेले नाहीत. कुणाला तो संसर्गाचा वाटतो, कुणाला मागच्या जन्मीचा भोग, तर कुणाला अमुक एका जातीचा आजार. म्हणून आज या आजारामागच्या संशोधनाची थोडी हकीकत सांगणार आहे. कारण संशोधकांनी शोधलेली उत्तरे आपल्या उंबरठ्यापर्यंत पोचली आहेत. पुढचे पाऊल आपल्याला टाकायचे आहे.

आधी तांबड्या पेशीची ओळख करून घेऊ. ही पेशी गोल आणि मधोमध दबलेली, थोडीशी बालुशाहीसारखी. तिच्यात हिमोग्लोबिन भरलेले असते. ते फुप्फुसातून प्राणवायू घेते आणि शरीरभर पोचवते. पेशी इतकी लवचीक असते की स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. सिकलसेलच्या रुग्णात मात्र प्राणवायू देऊन झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा ताठर पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. शिवाय या पेशी १० ते २० दिवसांतच फुटतात. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात.

हे सारे उलगडायला अनेकांची हयात गेली. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात अशा वाकड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष पेशीच्या आवरणात नसून खुद्द हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एखादा आजार रेणूच्या पातळीवर समजण्याची ती पहिलीच वेळ. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ कड्या असतात. त्यांतली सहावी कडी तेवढी बदललेली. एवढ्याशा बदलाने माणसाचे आयुष्य बदलते!

आपल्या देशात हा आजार आहे हे १९५२ पर्यंत माहीत नव्हते. त्या वर्षी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना सिकल पेशी आढळल्या. आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात आला. ते काम आपल्या नागपूरचे. विदर्भाच्या रक्तात दडलेली गोष्ट तेव्हा जगासमोर आली. त्यानंतर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एस. एल. काटे यांनी राज्यातल्या आदिवासी आणि इतर समाजांत या आजाराचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००२ साली त्यांनी व लिंगोजवार यांनी महाराष्ट्रातील सिकलसेलचे चित्र मांडले. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ, नंदुरबार ही त्यातली ठळक नावे. रक्ताचे नमुने गोळा करणे हे प्रसिद्धी मिळवून देणारे काम नव्हे. पण ते झाले नसते, तर आपल्याला आपलाच आजार कळला नसता.

मग हा दोष इथेच का? याचे उत्तर १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत शोधले. ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा गुण मिळतो, त्या वाहकाला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे मलेरियाने शतकानुशतके माणसे नेली, तिथे हे वाहक तगले. म्हणजे हा शाप नाही आणि कुणाच्या कुळाचा कलंक तर नाहीच. जंगलपट्टीत टिकून राहिलेल्या पूर्वजांची ती खूण आहे.

भारतातल्या रुग्णांबाबत एक समज दीर्घकाळ होता की इथला आजार सौम्य असतो. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत अर्भकावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकते आणि ते पेशीला वाकू देत नाही, हे खरे. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातला हा आजार गंभीरही असू शकतो, हे मांडले. 'हायड्रॉक्सियुरिया' हे औषध कमी मात्रेत दिले तरी तीव्र आजाराच्या मुलांच्या वेदना आणि रुग्णालयाच्या वाऱ्या कमी होतात, हे त्यांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसले. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च. आपल्यासारख्या भागात हे फार मोलाचे. अर्थात हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नियमित रक्त तपासूनच घ्यायचे.

औषधाइतकेच महत्त्व रोजच्या जपण्याला आहे. शरीरात पाणी कमी पडले, थंडी बाजली, ताप आला किंवा अति श्रम झाले की पेशी वाकतात. वैशाखातले आपल्याकडचे ऊन आणि थंडीतली पहाटेची कापूस वेचणी, दोन्ही या रुग्णांसाठी जोखमीची. पाणी भरपूर प्यावे, थंडीत अंगभर कपडे घालावेत आणि ताप आला तर अंगावर काढू नये.

आता मुद्द्याचे बोलतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहक सर्वसाधारणपणे आपल्यासारखाच धडधाकट असतो. प्रश्न येतो तो दोन वाहकांचे लग्न झाल्यावर. तेव्हा प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन चांगली, असा हिशेब नसतो. प्रत्येक वेळी तेच पारडे नव्याने टाकले जाते. उलट वाहकाचे लग्न निर्दोष व्यक्तीशी झाले तर मुले आजारी होत नाहीत. फार तर वाहक होतात.

म्हणून लग्न ठरवताना पत्रिकेच्या आधी रक्त पाहावे. सोल्युबिलिटी ही साधी चाचणी पहिली चाळणी. तीत वाहक आणि रुग्ण असा भेद कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. दोघेही वाहक आहेत हे लग्नानंतर कळले, तरी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत ती सोय आहे. त्यासाठी वेळेवर डॉक्टरांना विचारायला हवे.

पण श्रोतेहो, ही तपासणी मुलीचीच का? दोष आई आणि वडील दोघांकडून येतो. मुलीच्या हातातला कागद पाहून सोयरीक मोडायची आणि मुलाला मात्र तपासायचेच नाही, यात शास्त्र कुठे आहे? असे होऊ लागले की लोक अहवाल लपवतात, आणि लपवलेल्या अहवालाची किंमत पुढचे मूल मोजते. मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी व्हावी, दोन्ही घरांनी ती उघडपणे पाहावी आणि वाहक निघाला म्हणून कुणालाही कमी लेखू नये.

१ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन, हे त्याचे ध्येय. अभियान सरकारचे असले तरी सोयरिकी आपल्या अंगणात जुळतात. घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुले असतील, तर लग्नाची बोलणी सुरू होण्याआधीच त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन एकदा रक्त तपासून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.